मास्तरांचा डावा पाय

आमचे हे गाडी चालवायला शिकवतात. एकतीस वर्षं झाली. लोक त्यांना मास्तर म्हणतात आणि पाठ वळली की 'हाफक्लच' म्हणतात. या दोन्ही नावांचा त्यांना सारखाच अभिमान आहे, यावरून माणसाची कल्पना यावी. हाफक्लच म्हणजे क्लचचं पेडल अर्ध्यावर धरून गाडी चढावर जागच्या जागी तोलून ठेवायची, पुढे नाही की मागे नाही. मास्तरांच्या मते माणसाला एवढं आलं की बाकी आयुष्यात काही आलं नाही तरी चालतं. मी त्यांना तोंडावर 'अहो' म्हणते आणि मनात मास्तर.

त्यांची शिकवायची गाडी पांढरी, लहान, टपावर पाटी लावलेली. शिकवणाऱ्याच्या बाजूलाही पायाशी दोन पेडलं असतात, एक ब्रेकचं आणि एक क्लचचं. विद्यार्थी चुकला तर शिकवणाऱ्याने सावरावं म्हणून ही सोय. मास्तर तिथे असे बसतात की गाडी जणू त्यांच्या वडिलांनी मरताना त्यांच्या हवाली केली आहे. आणि येईल त्या विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी एकच वाक्य ऐकवतात, "एकतीस वर्षांत मी शेजारी असताना एकदाही गाडी बंद पडलेली नाही." घरी पाहुणे आले की पाण्याचा पेला त्यांच्या हातात जाण्याआधी हे वाक्य त्यांच्या कानात जातं. मी ते इतक्यांदा ऐकलं आहे की झोपेतही मान डोलावीन.

घरातही त्यांचं तेच. मी भिंतीत खिळा ठोकायला घेतला की हातोडी काढून घेतात. बरणीचं झाकण घट्ट बसलं असेल तर मी जोर लावायच्या आत बरणी त्यांच्या हातात. बँकेचा फॉर्म मी भरायला बसले की पेन त्यांच्याकडे. "थांब, तुला नाही जमायचं, मी करतो." लग्नाच्या पहिल्या वर्षी मला हे प्रेम वाटलं होतं. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते, त्या वयात माणसाला काहीही वाटतं.

माझं काम रक्त काढण्याचं. हे सांगितलं की लोक थोडे मागे सरकतात. मी एका तपासणी प्रयोगशाळेत बावीस वर्षं आहे आणि सकाळी घरोघरी जाऊन उपाशीपोटीचे नमुने घेते. बहुतेक म्हातारी माणसं असतात, त्यांच्या नसा दोऱ्यासारख्या बारीक आणि सुई दिसली की आत पळणाऱ्या. मी बोटाने चाचपते, डोळ्याने शोधत नाही. एका टोचण्यात काम होतं. म्हणूनच लोक फोन करून "त्याच बाई पाठवा" असं सांगतात. एवढी वर्षं मी ही घरं पायी आणि बसने केली, खांद्याला नमुन्यांची थंड पेटी लावून.

मग प्रयोगशाळेने शहराबाहेरच्या नव्या वस्त्या घेतल्या. तिथे बस जात नाही. आमच्या प्रमुखबाईंनी मला बोलावून सरळ सांगितलं, "गाडी आपण देऊ. पण पुढच्या महिनाअखेरपर्यंत लायसन्स पाहिजे आणि पहिल्या फेरीत नऊ घरांचे नमुने साडेनऊच्या आत काउंटरवर पाहिजेत. नाही जमलं तर फिरतीचं काम दुसऱ्या कुणाला जाईल आणि तुम्ही आत या, बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला." त्या वाईट नाहीत, पण त्यांना जे वाटतं ते त्या बोलतात. चिठ्ठ्या चिकटवायला हाताचं कसब लागत नाही, आणि माझ्याकडे ते सोडून दुसरं आहे काय.

लायसन्सची परीक्षा मी याआधी दोनदा दिली होती आणि दोनदा नापास झाले होते. शिकवणारे अर्थात मास्तर. तिसऱ्यांदाही मी त्यांच्याकडेच गेले, कारण घरात मास्तर असताना दुसरीकडे शिकायला जाणं म्हणजे घरात विहीर असताना शेजाऱ्याकडे पाणी मागणं, असं त्यांचंच म्हणणं. बारा दिवस त्यांनी शिकवलं. गाडी लोण्यासारखी चालायची. क्लचचं पेडल पायाखाली इतकं मऊ की दाबलं की नाही हेही कळू नये. पुलाजवळच्या चढावर मी गाडी थांबवायचे, पुन्हा उचलायचे, ती जराही मागे यायची नाही. मला वाटलं, या वेळी जमलं.

परीक्षेला गाडी तीच होती. शेजारी परीक्षक बसले आणि मास्तर मैदानाच्या कडेला हाताची घडी घालून उभे राहिले. सिमेंटच्या चढावर मी पेडल दाबायला गेले तर ते दगडासारखं घट्ट. गाडीने दोन उड्या मारल्या आणि बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद. तिसऱ्यांदा ती मागे सरकली आणि परीक्षकांनी स्वतःच ब्रेक दाबला. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि मला "बरं" म्हणाले. नापास करताना लोक नेहमी "बरं" का म्हणतात ते मला अजून कळलेलं नाही.

"परीक्षेच्या दिवशी तुझा पाय जड होतो," मास्तर घरी जाताना म्हणाले. "मी काय करणार? शिकवायचं ते मी शिकवलं."

त्या आठवड्यात माझ्या नणंदेकडे सगळे जमलो होतो, तिथे त्यांनी हा विनोद केला, "हिच्या बोटांना नस सापडते, पण पायाला क्लच सापडत नाही." सगळे हसले. विनोद सांगणारा सर्वात आधी हसतो तेव्हा बाकीच्यांना हसावंच लागतं. मीही हसले आणि घरी येऊन न्हाणीघरात तोंडावर पाणी मारत बराच वेळ उभी राहिले. त्रेपन्नाव्या वर्षी मूर्ख ठरणं विसाव्या वर्षापेक्षा जास्त लागतं, कारण पुढे शहाणं व्हायला फार वर्षं उरलेली नसतात.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मी म्हटलं, "प्रयोगशाळेची गाडी ऑटोमॅटिक आहे. मी ऑटोमॅटिकवरच शिकते."

मास्तरांनी कप खाली ठेवला. मी दुसरं लग्न करते म्हटलं असतं तरी एवढा परिणाम झाला नसता.

"ऑटोमॅटिक," ते म्हणाले. "ती गाडी नाही, पाळणा आहे. आत बसायचं आणि हलायचं. क्लच नाही, गिअर नाही, मग माणूस आत करतो काय?"

"चालवतो."

"गाडी त्याला चालवते. आणि लायसन्सवर शिक्का मारतात, 'फक्त ऑटोमॅटिक'. अर्धं लायसन्स. उद्या कुणी साधी गाडी पुढे आणून ठेवली तर काय करशील? हाफक्लचच्या बायकोकडे अर्धं लायसन्स. लोक माझ्या तोंडात शेण घालतील."

"लोक घालतील तेव्हा तोंड मिटून ठेवा," मी म्हटलं. त्यानंतर दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. दोन दिवस मला खूप विश्रांती मिळाली.

मी शहराच्या दुसऱ्या टोकाला एका शिक्षिकेकडे नाव घातलं. वय फार तर तीस. बोलणं कमी, केस आखूड, मांडीवर एक वही. तिच्या बाजूला पायाशी एकच पेडल होतं, ब्रेकचं. पहिल्या दिवशी तिने ते मला दाखवलं आणि मग दोन्ही पाय मागे ओढून सीटला टेकवले. "आता चालवा," म्हणाली.

मी निघाले आणि पहिल्याच चौकात व्हायचं ते झालं. वेग कमी करायची वेळ आली आणि माझा डावा पाय सवयीने क्लच दाबायला धावला. तिथे क्लच नव्हताच, होतं ब्रेकचं रुंद पेडल. मी ते तळापर्यंत दाबलं. गाडी जागेवर थिजली, शिक्षिकेची वही समोरच्या काचेवर आपटली आणि मागच्या माणसाने हॉर्नवर हात ठेवला तो काढेचना. मी वाट बघत होते की ती आता माझं स्टिअरिंग धरेल. ती वही उचलत होती.

"काकू, डावा पाय सीटखाली न्या आणि तिथेच राहू दे," ती म्हणाली. "आज त्याला सुट्टी."

"तुम्ही ब्रेक दाबणार नाही?"

"तुम्ही कुणाला धडकणार असाल तर दाबेन. नुसत्या चुकणार असाल तर नाही."

अशी भाषा मी घरात कधी ऐकली नव्हती. त्या तासात मी चार वेळा चुकले, दोनदा कडेला घासता घासता वाचले, आणि घामाने भिजून उतरले. पण ती चूक माझी होती आणि सावरलं तेही मीच. संध्याकाळी भांडी घासताना माझ्या लक्षात आलं की मी गुणगुणते आहे.

तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, "आधी कुणाकडे शिकलात?" मी सांगितलं. तिने गाडी बाजूला घ्यायला लावली.

"मी पण त्यांच्याकडेच शिकले," ती म्हणाली. "परीक्षेत गाडी चार वेळा बंद पडली. पुढे भावाच्या गाडीवर शिकले, तिथे दुसऱ्या बाजूला पेडलं नव्हती, तेव्हा कळलं. काकू, मास्तर शेजारी असताना गाडी बंद पडत नाही, कारण क्लच तेच दाबतात. त्यांचं पेडल खाली गेलं की आपलंही आपोआप खाली जातं. आपण नुसता पाय ठेवायचा. चालवतात ते."

"सगळ्यांचं?"

"सगळ्यांचं. गाडीने जरा आचका दिला की त्यांना सहन होत नाही. ज्यांच्या घरी गाडी असते ते घरी शिकून पास होतात आणि श्रेय त्यांना देतात. ज्यांच्या घरी नसते त्यांचा पाय जड."

मी घरी गेले आणि दाराशी ठेवलेले मास्तरांचे बूट उलटे केले. डाव्या बुटाचा तळवा पुढच्या बाजूला झिजून कागद झाला होता, उजव्याचा जवळजवळ नवा. दर सहा महिन्यांनी मी तो डावा तळवा बदलून आणते. चांभार प्रत्येक वेळी विचारतो, "साहेब लंगडतात का?" आणि मी आपली "नाही हो" म्हणून येते. शिकवणारा माणूस शेजारी नुसता बसलेला असतो, त्याचा तळवा झिजेल कशाने, हा विचार या शहाणीच्या डोक्यात कधी आला नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तीन परीक्षा, नणंदेच्या घरचं हसणं, जड पाय, सगळ्याचं खापर माझ्या माथी, आणि गाडी मी एकदाही चालवलेली नव्हती.

तरी मी ब्रही काढला नाही. परीक्षा नऊ दिवसांवर होती आणि भांडण करायला जी ताकद लागते ती मला चढावर हवी होती.

परीक्षेत मी पास झाले. सिमेंटच्या त्याच चढावर गाडी थांबवली, ब्रेकवरून पाय काढून ॲक्सिलरेटरवर नेला आणि वर गेले. परीक्षक या वेळी "बरं" म्हणाले नाहीत, "पुढच्यांना पाठवा" म्हणाले. लायसन्स घरी आलं तेव्हा मास्तरांनी ते चष्मा लावून दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि जे नेमकं वाचायचं तेच मोठ्याने वाचलं, "फक्त ऑटोमॅटिक." मग ते टेबलावर ठेवलं, उलटं.

पहिल्या फेरीच्या दिवशी सोबत कुणाला तरी घ्यायला हरकत नाही, असं प्रमुखबाई म्हणाल्या होत्या. मी कुणाला घेणार नव्हते. पण मास्तर पहाटेच दाढी करून, बूट घालून तयार. "नवीन हात आहे," म्हणाले. "माझं असलेलं बरं." नाही म्हणायला मला वेळ नव्हता.

पहिली पाच घरं नीट झाली. म्हणजे माझ्याकडून नीट झाली. शेजारी मास्तरांची कवायत चालू होती. प्रत्येक वळणावर त्यांचा डावा पाय खालच्या चटईवर दाबला जायचा. समोर सायकल दिसली की दाबला, सिग्नल दिसला की दाबला. चटई त्यांच्या पायाखाली गोळा होऊन पुढे सरकली होती. कपाळावर घाम. एकतीस वर्षांत या माणसाने पायाखाली पेडल नसताना दुसऱ्याच्या शेजारी बसून कधी प्रवास केलेला नव्हता.

"तिथे काही नाही," मी म्हटलं. "पाय उचला."

"सवय आहे."

"माहीत आहे मला."

त्यांनी माझ्याकडे चमकून पाहिलं आणि पुन्हा रस्त्याकडे पाहिलं.

सहावं घर चढावर होतं. वर एक आजोबा एकटे राहतात, त्यांच्या हाताला माझ्याखेरीज कुणालाच नस मिळत नाही. रस्ता अरुंद, एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला उतार. अर्ध्या चढावर वरून एक टेम्पो आला म्हणून मी थांबले. पेटीत पाच घरांचे नमुने होते. घड्याळात आठ वाजून वीस मिनिटं. टेम्पो गेला, मी ब्रेक सोडून ॲक्सिलरेटरवर पाय ठेवला, आणि त्याच क्षणी मास्तरांचा हात मध्ये आला.

"पहिला टाक, पहिला," असं म्हणत त्यांनी गिअरचा दांडा पुढे ढकलला. त्यांच्या गाडीत पुढे ढकललं की पहिला गिअर पडतो. या गाडीत पुढे ढकललं की न्यूट्रल पडतो. इंजिन नुसतंच ओरडलं आणि गाडी मागे निघाली. मागच्या वळणावरची भिंत आरशात मोठी होऊ लागली. मागच्या सीटवरची पेटी सरकून दारावर आदळली. मास्तरांचा डावा पाय चटईवर धाडधाड आपटत होता, आणि माझा उजवा पाय ब्रेकवर गेला.

गाडी थांबली. भिंत हातभर राहिली होती.

मी गाडी उभी केली, हँडब्रेक ओढला, मागे वळून पेटी उघडली. नळ्या शाबूत होत्या. मग मी मास्तरांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा चुन्यासारखा झाला होता.

"उतरा," मी म्हटलं.

"अगं, मी फक्त..."

"उतरा. मला उशीर होतोय."

एकोणतीस वर्षांच्या संसारात मी त्यांना काही करायला सांगितलं आणि त्यांनी काही न विचारता केलं असं पहिल्यांदाच घडलं. ते उतरले आणि भिंतीला पाठ लावून उभे राहिले. मी दांडा जागेवर घेतला, हँडब्रेक सोडला आणि वर गेले. गाडीत मी एकटी होते. याआधी कधीच नव्हते. मला आनंद व्हायला हवा होता, पण खरं सांगायचं तर मला राग आला होता, एवढं सोपं होतं म्हणून.

आजोबांची नस एका टोचण्यात मिळाली. घरातून बाहेर आले तर मास्तर चढ चढून गाडीपाशी येऊन उभे होते, धापा टाकत, एक हात टपावर.

"मागे नाही आली," ते म्हणाले. "मी खालून बघत होतो."

"नाही आली."

"मी नव्हतो तरी."

"तुम्ही नव्हता म्हणून." मी पेटी आत ठेवली. "अहो, खरं सांगा. तुमच्या गाडीत मी पुलाजवळचा चढ एकदा तरी स्वतः चढले होते?"

त्यांनी टपावरचा हात काढला. मग मान हलवली, नाही अशी.

"एकदाही?"

"तू घाबरायचीस."

"मी घाबरत नव्हते. मला वाटायचं मला येतंय. मग परीक्षेच्या दिवशी सगळ्यांसमोर कळायचं की येत नाही. तीनदा."

पुढचं दार उघडायला त्यांनी हात नेला, मागे घेतला, आणि मागचं दार उघडून पेटीशेजारी बसले. पुढच्या तीन घरांपर्यंत ते पेटी दोन्ही हातांनी धरून होते.

नऊ वाजून सोळा मिनिटांनी मी नऊ घरांचे नमुने काउंटरवर ठेवले. प्रमुखबाईंनी घड्याळ पाहिलं, नळ्या मोजल्या, वहीत वेळ लिहिली. माझ्या मागे मास्तर उभे होते. शहरात त्यांना कोण ओळखत नाही? बाई त्यांच्याकडे बघून हसल्या.

"तरीच," त्या म्हणाल्या. "घरातच मास्तर म्हटल्यावर यांना काय अवघड. तुम्हीच शिकवलं ना?"

मी वाट पाहिली. एकतीस वर्षांचं ते वाक्य आता बाहेर येणार, अशी माझी खात्री होती. मास्तरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं.

"नाही," ते म्हणाले. "मी हिला शिकवलं नाही."